बेस ॲम्प घेताना: पेटी जुनी, मशीन नवी

सोलापुरात बेस ॲम्प, म्हणजे बेस गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, घ्यायचा म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो डीजेवाल्याचा. "अठरा इंची बेस घ्या मालक, वर दोन हजार वॅटची मशीन टाका, सात रस्त्यावर वाजवलं तर पार्क चौकात छाती हलंल." त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. गणपतीत, शिवजयंतीला, चौदा एप्रिलला मिरवणूक हलवायची तर तेच लागतं. माझी गरज वेगळी होती. दोन गिटार, ड्रम, एक घसा फोडून गाणारा आणि बेसवर मी असा आमचा बँड. सराव अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, ड्रमरच्या मामांच्या बंद पडलेल्या पॉवरलूमच्या शेडमध्ये. वर पत्रा, खाली कोबा. ड्रमर असा की काठी तुटल्याशिवाय त्याला वाजवल्यासारखं वाटत नाही. दोन्ही गिटारवाल्यांकडे शंभर वॅटचे ॲम्प आणि माझ्याकडे घरात वाजवायचा छोटा डबा. "वाजवतोयस का नुसताच उभायस बे?" हे मी दर आठवड्याला ऐकत होतो.

बजेट चाळीस हजार. हेड (म्हणजे ॲम्पची मशीन), कॅबिनेट (स्पीकरची पेटी), वायरी, टेम्पोभाडं सगळं त्यात.

डीजेचा बेस आम्ही एकदा ओळखीवर आणून लावून पाहिला. पत्रे थरथरले, धूळ खाली आली, पण मी कुठला सूर वाजवतोय ते मलाच कळेना. कारण सरळ आहे. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा, सूर निघतो, पण कानाला तो सूर ओळखू येतो वरच्या पटींमुळे, म्हणजे ८२, १२३ आणि त्याच्याही वर. बोटाचा ठोका आणि तारेची खरखर तर दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंत जाते. डीजेच्या बेसला शंभर-सव्वाशेच्या वरचं सगळं मुद्दाम कापलेलं असतं, ते काम 'टॉप', म्हणजे वरच्या आवाजाचा वेगळा स्पीकर, करतो. आपल्याला मात्र एकाच पेटीतून सगळं हवं असतं.

खोल आवाजाचं आपल्याकडे जे वेड आहे, त्याला ॲम्प बनवणाऱ्या अॅम्पेग कंपनीचा इतिहास चांगलं उत्तर आहे. १९६९ साली त्यांचा ३०० वॅटचा व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांचा) एसव्हीटी हा बेस ॲम्प आला. त्याच्यासोबतची दहा इंची आठ स्पीकरांची बंद पेटी आजही मोठ्या स्टेजवर दिसते. पुढच्या काळात कंपनीने या पेटीचे जे आकडे दिले, त्यात ५८ हर्ट्झलाच आवाज तीन डेसिबलने उतरलेला आहे. म्हणजे ज्या पेटीला लोक बेसचा बाप म्हणतात, तीसुद्धा ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने देत नाही. तिची ताकद आठ कोनांच्या, म्हणजे स्पीकरच्या हलत्या पडद्यांच्या, क्षेत्रफळात आहे.

इथून माझा हिशेब बदलला. दुकानात सगळे वॅट विचारतात आणि वॅटच विकतात. पण वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, म्हणजे 'हां, जरा वाढला' इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट. उलट एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ९४ डेसिबल देणारा स्पीकर काढून ९७ देणारा बसवला, तर मशीनला हात न लावता वॅट दुप्पट केल्यासारखं होतं. हा आकडा पेटीच्या मागे किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतो. विक्रेता तो स्वतःहून कधीच सांगत नाही, आणि बऱ्याच जणांना तो कशाचा आहे हेही ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट कोनाची. पंधरा इंची एक स्पीकर म्हणजे साधारण ८५० चौरस सेंटिमीटर हवा ढकलणारा कोन. बारा इंची दोन मिळून हजाराच्या थोडं वर. दहा इंची चार मिळून चौदाशेच्या आसपास. पंधरा इंची 'जास्त बेस देतो' आणि दहा इंची 'कडक वाजतो' ही समजूत जुनी आहे, पण चार दहा इंची मिळून एका पंधरा इंचीपेक्षा बरीच जास्त हवा हलवतात. त्यात हॉफमन नावाच्या इंजिनिअरचा एक नियम आहे: पेटी लहान, आवाज खोल आणि वाजणं जोरदार, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. जोरात वाजवणाऱ्या बँडने लहान पेटीचा नाद सोडलेलाच बरा.

नव्या मालात फेंडरचा रम्बल ५०० मनात भरला होता. दहा इंची दोन स्पीकर आणि वजन साडेसोळा किलोच्या घरात, एका हाताने उचलावा असा. पण त्याचे ५०० वॅट बाहेर दुसरी पेटी जोडल्यावर मिळतात, नुसत्या आतल्या स्पीकरवर ३५०. आणि तो चाळीस हजारांत बसत नव्हता, विषय संपला. पूर्व भागातल्या एका मिस्त्रींकडे पेटी बनवून घ्यायचंही डोक्यात होतं. ते डीजेच्या पेट्या झकास करतात, अठरा मिलीचा प्लाय, आत आडवे-उभे दांडे. पण स्पीकरच्या मोजमापाप्रमाणे पेटीचं आतलं घनफळ आणि हवेच्या भोकाची लांबी ठरते. त्यांच्याकडे साचा एकच, अठरा इंचीचा. "तुम्ही माप आणा सर, मी मिलीमिटर हलू देत नाही," म्हणाले. ते माप काढायची अक्कल माझ्यात नव्हती.

मग जुळे सोलापुरात एक काका भेटले. पूर्वी ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. त्यांच्या माळ्यावर दहा इंची चार स्पीकरांची पेटी पडून होती. कापड फाटलेलं, कोपरे ठेचलेले, पण प्लाय ठणठणीत. बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं तर कुठेही पोकळ वाजत नव्हती. काका म्हणाले, "बाबा, आधीच सांगतो, दोन स्पीकर गेलेत. म्हणून अकरा हजारांत देतोय."

मी मल्टिमीटर नेला होता. आठ ओहमची (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) पेटी मीटरवर सहाच्या आसपास दाखवते, कारण मीटर फक्त तारेचा विरोध मोजतो. इथे आकडा आला बाराच्या जवळ. हा आकडा महत्त्वाचा. अशा पेटीत बहुधा आठ-आठ ओहमचे चार स्पीकर असतात. दोन-दोनच्या जोड्या एकामागोमाग जोडायच्या आणि मग त्या दोन जोड्या समांतर, की पुन्हा आठच ओहम भरतात. एका जोडीतल्या एका स्पीकरची कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, तुटली की त्याचा जोडीदार चांगला असूनही गप्प बसतो. जुन्या दिव्यांच्या माळेत एक बल्ब गेला की पूर्ण ओळ विझते, तसंच. उरलेल्या एका जोडीचे सहा आणि सहा, मीटरवर बारा. म्हणजे बहुतेक एकच गेलाय, दोन नाही.

स्क्रू काढून खात्री केली. गप्प जोडीतला एक स्पीकर ६.१ दाखवत होता, दुसऱ्यावर मीटर हललाच नाही. चांगल्या तिन्ही कोनांना दोन्ही अंगठ्यांनी हळूच आत दाबून पाहिलं. कॉइल कुठे घासत असेल तर बोटांना बारीक खरखर लागते. लागली नाही. काकांना सांगितलं की एकच गेलाय, भाव वाढवायचा तर सांगा. ते म्हणाले, "माळा रिकामा होतोय तेच खूप झालं. न्या." पेटीचं वजन चाळीस किलोच्या पुढे. मी आणि काकांचा मुलगा, जिन्यातून उतरवताना दोघांच्या कमरेने हाय खाल्ली. पुढे छोटा हत्ती.

स्पीकर दुरुस्तीला सोलापुरात तोटा नाही. डीजेच्या कृपेने इथे कॉइल बदलणारे हात तयार आहेत, फक्त गणपतीच्या तोंडावर जाऊ नये. मी गेलो त्या कारागिराने थिनर सोडून मधली टोपी सोडवली. खाली कॉइल काळी पडलेली, एका जागी तार तुटलेली. मूळ कोन शाबूत होता, तोच ठेवायला लावला. तो जाड डीजेचा कोन बसवायला निघाला होता, "लाइफ जास्त आहे मालक." पण जड कोन म्हणजे त्या एका स्पीकरचा आवाज बाकी तिघांपेक्षा वेगळा. नवी कॉइल त्याच व्यासाची आणि आठ ओहमचीच घेतली. ती बरोबर मध्ये बसावी म्हणून त्याने जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून कॉइल आणि लोखंडाच्या फटीत सारल्या, डिंक लावला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पट्ट्या उपसल्या, कोन दाबला, आवाज नाही. घरी आणून दीड व्होल्टचा सेल प्रत्येक स्पीकरला टेकवून बघितलं, चारही कोन बाहेरच्याच बाजूला उडी मारतात का. एखादा उलटा जोडला गेला तर तो शेजाऱ्याचा बेस खाऊन टाकतो.

हेड मात्र नवं घेतलं, वॉरंटीसकट. पेटी म्हणजे लाकूड, चुंबक आणि तार, गावातच दुरुस्त होते. आजकालची क्लास-डी हेडं दोन-तीन किलोची, आत बारीक सर्किट. बिघडली तर इथे कोणी हात लावत नाही, बोर्डच बदला म्हणतात. शेडमध्ये व्होल्टेज वरखाली होतं, मे महिन्यात पारा त्रेचाळीसला जातो. असल्या ठिकाणी जुनं हेड घेणं म्हणजे जुगार. माझ्या हेडवर ४ ओहमला ५०० वॅट लिहिलंय. माझी पेटी ८ ओहमची, म्हणून प्रत्यक्षात निम्म्याच्या जरा वर मिळतात. तीन डेसिबलच्या आत तोटा. त्या बदल्यात पुढे आठ ओहमची आणखी एक पेटी जोडता येते. तेव्हा भार बरोबर ४ ओहम होतो आणि दुप्पट वॅट, दुप्पट कोन मिळून पाच-सहा डेसिबल वाढतात. सुरुवातीलाच ४ ओहमची पेटी घेतली असती तर दुसरीची वाट बंद, कारण दोन मिळून २ ओहम होतात आणि माझ्या हेडला ४ च्या खाली परवानगी नाही.

हेड ते पेटी वायर म्हणजे गिटारची वायर नव्हे. गिटारच्या वायरीतली तार केसासारखी, ती एवढ्या करंटला तापते. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड चौरस मिलीची दोन तारी वायर आणि दोन स्पीकॉन (स्पीकरच्या वायरीच्या पिना) घेऊन घरीच जोडलं. आणि हम, म्हणजे सतत घूं असा आवाज, येतो म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकायचा आपल्याकडचा रिवाज आहे, तो जिवावर बेतू शकतो. आमच्या शेडचं अर्थिंगच बसलेलं होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते नीट करून घेतलं, हम गेला.

शेडमध्ये लावल्यावर पहिल्यांदा वाजलं ते छपरच. मोकळी ए तार, ५५ हर्ट्झ, वाजवली की एका कोपऱ्यातला पत्रा गुणगुणायचा. तिथले जे-बोल्ट ढिले होते, वॉशर वाळून गेलेले. नवे वॉशर टाकून कसले आणि पेटी कोपऱ्यातून बाहेर काढली, कोपऱ्यात खालचा आवाज फुगतो. पेटी लाकडी खोक्यावर चढवली, म्हणजे आवाज गुडघ्यांऐवजी कानाकडे येतो. बेसचं बटण मधोमध, कधी थोडं खालीच. ते सहा डेसिबल वर नेलं की मशीनला चौपट वॅट मागतं, आणि तेवढाच जोर एक सप्तक खाली द्यायचा तर कोनाला चौपट अंतर हलावं लागतं. चारशे ते आठशे हर्ट्झ मात्र वर. एकट्याने वाजवताना हा आवाज नाकात बोलल्यासारखा वाटतो, बँडमध्ये नेमका तोच ऐकू येतो. गिटारवाल्यांना त्यांचा बेस कमी करायला लावणं हे सगळ्यात अवघड काम होतं. एक जण अजून रुसलेला आहे.

कानात बोळे सगळ्यांना सक्तीचे. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मर्यादेप्रमाणे ८५ डेसिबल आठ तास चालतात, दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला पंधरा मिनिटं. माझे वडील मागावर होते. त्यांच्याशी बोलायचं तर आजही उजव्या बाजूला बसावं लागतं.

पेटी अकरा हजार, कॉइल नऊशे, हेड चोवीस हजार, वायर-स्पीकॉन बाराशे, टेम्पो सहाशे. उरलेल्या तेवीसशेतून पेटीला चाकं लावायची आहेत. काकांच्या ओळखीत पंढरपूरला कुणाकडे तशीच आठ ओहमची आणखी एक पेटी आहे म्हणतात. 'एकही स्पीकर वाजत नाही' अशी तक्रार आहे. नुसती आतली वायर सुटलेली निघाली तर घेणार.