आठ नंबरचा ग्रिझवोल्ड: किटणाखालून बिडापर्यंत

सध्या ज्या जुन्या बिडाच्या पॅनवर काम चालू आहे, त्याच्या तळावर किटण इतके जाड होते की दांड्यावरचा ८ हा आकडा सोडला तर काहीच वाचता येत नव्हते. हा आकडा म्हणजे व्यास नव्हे. जुन्या लाकूड-कोळशाच्या शेगड्यांच्या तोंडांनुसार हे क्रमांक ठरत, आणि आठ नंबरचा पॅन वरून साधारण साडेदहा इंच भरतो. किटण निघाल्यावर तळावर दुहेरी वर्तुळातला क्रॉस, त्यात सरळ मोठ्या अक्षरांतले ‘ग्रिझवोल्ड’ हे बनवणाऱ्या कंपनीचे नाव, खाली ‘ईरी’ हे गावाचे नाव आणि ७०४ हा साचा क्रमांक असा सगळा ऐवज दिसू लागला. मोठ्या सरळ अक्षरांचे हे चिन्ह साधारण १९२० ते १९४० या काळातले मानले जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या ईरीचा तो कारखाना १९५७ मध्ये बंद पडला.

सफाईला हात घालण्यापूर्वी मी तीन गोष्टी तपासतो. पॅन दांड्याला धरून लोंबता ठेवायचा आणि लाकडी चमच्याने हलकेच वाजवायचा. बीड अखंड असेल तर आवाज घंटेसारखा लांबतो, तडा असेल तर तो बद्द येतो. त्यानंतर काचेवर ठेवून तो डुगडुगतो का हे पाहायचे, कारण किंचित वाकलेला तळ गॅसवर चालून जातो, पण सपाट काचेच्या शेगडीवर तो कायमची डोकेदुखी ठरतो. तिसरी तपासणी शिशाची. जुन्या बिडाच्या भांड्यांत कधीकाळी बंदुकीच्या गोळ्यांसाठी किंवा गळाच्या वजनांसाठी शिसे वितळवले जात असे, म्हणून शिसे ओळखणारी चाचणी-काडी फिरवल्याशिवाय मी कोणतेही अनोळखी भांडे स्वयंपाकाला घेत नाही. काडीने रंग बदलला, तर ते भांडे स्वयंपाकातून कायमचे बाद.

किटण काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याचे पाणी हाच माझ्या मते सर्वांत सभ्य मार्ग आहे. जळून घट्ट झालेले तेल त्यात विरघळते आणि बिडाला मात्र धक्काही लागत नाही. सोडा नेहमी थंड पाण्यात थोडाथोडा सोडावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा हवाच. ॲल्युमिनियमची वस्तू जवळपासही नसावी, कारण तिच्याशी संयोग होताच हायड्रोजन वायू सुटतो. जाळात टाकून किटण जाळण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो मला मुळीच पटत नाही. तशा तापाने पॅन वाकतो, तडकतो, आणि वाचलाच तर बिडावर असा तांबूस पापुद्रा येतो की त्यावर पुढे सीझनिंग, म्हणजे तेल तापवून चढवलेला कठीण थर, धड टिकत नाही. ग्राइंडर लावणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

कॉस्टिकने गंज जात नाही, म्हणून पुढचा टप्पा विद्युत-अपघटनाचा, म्हणजे सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून गंज उतरवण्याचा. प्लॅस्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी घेऊन बॅटरी चार्जरचे ऋण टोक पॅनला आणि धन टोक साध्या लोखंडी पत्र्याला जोडले. हा पत्रा स्टेनलेस स्टीलचा असू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. हायड्रोजन येथेही सुटतो, त्यामुळे टब मोकळ्या हवेत ठेवावा आणि जोडण्या हाताळण्यापूर्वी चार्जर बंद करावा. पत्र्यासमोरची बाजू लवकर साफ होते, म्हणून पॅन मधूनमधून फिरवत राहिलो. वर तपकिरी फेस जमत गेला आणि पॅनवर उरलेला काळा चिखल तारेच्या घासणीने सहज निघाला. खालचे राखाडी बीड तिरप्या उजेडात धरले, तेव्हा आतल्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक गोलाकार रेषा दिसल्या. ओतकामानंतर कारखान्यात तो पृष्ठभाग गुळगुळीत केल्याच्या त्या खुणा होत. त्या शाबूत राहाव्यात, यासाठीच तर ग्राइंडर नको. तळाला एका बाजूस गंजाने पाडलेले काही खड्डे आहेत, ते तसेच राहतील.

उघडे बीड ओले राहिले की पाहता पाहता त्यावर नारिंगी झाक चढते, म्हणून धुतल्याबरोबर ते गरम ओव्हनमध्ये कोरडे केले. मग तेलाचा हात फिरवून, तेल लावलेच नव्हते असे वाटेपर्यंत पुसले आणि २३० अंश सेल्सियसला तासभर पालथे ठेवले. तेल जास्त राहिले तर चिकट थेंब जमतात. उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन कठीण थर बनतो, आणि असे पातळ थर एकावर एक चढवावे लागतात. जवसाच्या तेलाची तारीफ बरीच होते, परंतु त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून मी साधे सूर्यफुलाचे तेलच वापरतो.

स्वयंपाकाची सुरुवात कांदा परतण्यापासून केली. बिडाची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकीच असल्याने मोठ्या आचेवर मध्यभाग करपतो आणि कडा थंडच राहतात. मंद आचेवर सावकाश तापवल्यावर कांदा कडेपर्यंत सारखा तांबूस झाला. अंडे अजून थोडे चिकटते, मात्र लाकडी उलथन्याने न फाटता सुटते. टोमॅटोसारखे आंबट पदार्थ थर पक्का होईपर्यंत नकोत. भांडी घासायच्या साध्या साबणाचे मात्र मला काही वावडे नाही.

रांगेत पुढचा पॅन बिनानावाचा आहे. त्याच्या तळावर साच्यात वितळलेल्या बिडाचा रस ओतल्याच्या जागेची लांबट उंचवट्याची रेघ आहे, म्हणजे तो बहुधा १८९० च्या आधीचा असावा. बीड फारच पातळ असून काठापासून आत एक बारीक तडा गेला आहे. तो स्वयंपाकात उतरणार नाही, पण कॉस्टिकच्या टबात मात्र याच आठवड्यात उतरेल.