कर्दळीच्या पानांवरची पांढरी चमक

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये आज सकाळी तासभर एकाच कर्दळीपुढे बसून होतो. रात्री पाऊस झालेला, मग कडक ऊन. ओली पानं फोटोत हिरवी येईनात, नुसती पांढरी चकाकत होती. दोन वर्षं कपाटात पडून असलेला पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे लावायचा चमक कापणारा फिल्टर, शेवटी लावला. कडं हळूहळू फिरवलं आणि एका जागी चमक पुसल्यासारखी गेली! खालचा गर्द हिरवा, शिरा, सगळं दिसायला लागलं. माळीकाकांना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, "पान पुसून घेतलंत होय?"

शेजारच्या पत्र्याच्या झारीवरची चमक मात्र तशीच. धातूपुढे या फिल्टरची मात्रा चालत नाही.

शिवाय फुकट काही नाही. जवळजवळ दोन स्टॉप उजेड गेला (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), शटर १/२५० सेकंदावरून १/६० वर आणावं लागलं, आणि तेवढ्यात वारा सुटला. कर्दळीचं पान म्हणजे शीडच ते. चाळीस फोटोंतले चार धड आलेत. वाहत्या पाण्यासाठी एनडी ८, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा गडद फिल्टर, पण नेला होता, पण ट्रायपॉड घरीच राहिला. तीन स्टॉप कमी करून हातात कॅमेरा कसा धरणार, कपाळ!

चारपैकी तीन खाली टाकलेत. चौथ्यात माझीच सावली आहे.