बाकीच्या बाजू गेल्या, एक उरली

आज लंडन ब्रिज स्टेशनवर उतरून बरो हाय स्ट्रीटवरच्या जॉर्ज इन या जुन्या सरायीत गेले. रस्त्यावरून काहीच कळत नाही. बोळातून आत शिरलं की अंगण आणि समोर काळ्या लाकडाचे सज्जे, एकावर एक.

१६७६ च्या आगीत लंडनमधल्या सदर्कचा हा भाग जळाला, दुसऱ्या वर्षी ही वास्तू पुन्हा उभी राहिली. घोडागाड्या अंगणात थांबायच्या, खाली दारू-जेवण, वर मुक्कामाच्या खोल्या. खोल्यांना आतून जोडणारा रस्ता नको, म्हणून बाहेरून हे सज्जे. किती सरळ विचार! जुन्या सरायांच्या अशाच अंगणांत नाटकंही व्हायची, लोक सज्जातून बघायचे.

मग रेल्वे आली. गोदामांसाठी कंपनीने अंगणाच्या बाकीच्या बाजू पाडल्या, फक्त दक्षिणेची उरली. सज्जे असलेली अशी सराय लंडनमध्ये आता ही एकच. त्या मोकळ्या जागेकडे बघून जीव हळहळला. १९३७ पासून ही सराय नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, हे फार बरं झालं.

जाताना कठड्यावरून हात फिरवला. हातांनी झिजून लाकूड गुळगुळीत झालंय, अगदी आजीच्या पोळपाटासारखं. बराच वेळ तिथून हललेच नाही.