हतनूरच्या बॅकवॉटरला कॉलेजची रोइंग टीम उतरवताना: सेफ्टी, परवानगी आणि माझा अनुभव

खान्देशात रोइंग म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "इथं पाणी कुठंय?" पाणी आहे. तापी आणि पूर्णा चांगदेवला भेटतात, त्याच्या खाली हतनूर धरणाचं बॅकवॉटर पसरलेलं असतं, आणि दिवाळीनंतर सकाळी काठावर उभं राहिलं की दोन हजार मीटरची सरळ रेस इथं आरामात बसेल असं वाटतं. आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी गावातला माणूस, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला (एकट्याने दोन वल्ह्यांनी चालवायची बोट) तेरावा आला आणि २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समधून क्वाड्रपल स्कल्सचं (चौघांची बोट, प्रत्येकाला दोन वल्ही) गोल्ड घेऊन आला, मग आमच्या कॉलेजची टीम का नको? पण पोरं-पोरी पाण्यात उतरवायची परवानगी मिळेपर्यंत काय काय करावं लागतं ते कुणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून लिहितेय.

मी टीमची कॉक्स, म्हणजे वल्हं न मारता बोटीची दिशा सांभाळणारी आणि हुकूम देणारी. बोटीत बाकी सगळे मागे तोंड करून बसतात, पुढचं फक्त मला दिसतं, म्हणून सरांनी सेफ्टीची फाइल माझ्याकडेच दिली. कागदांचं पटकन सांगते. प्राचार्यांचं पत्र, प्रत्येकाच्या घरून संमतीपत्र, मेडिकल सर्टिफिकेट, विमा, पाटबंधारेच्या ऑफिसची परवानगी आणि जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी माहिती. एवढं गोळा केलं की फाइल जाड दिसते, पण खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पाटबंधारेच्या ऑफिसातल्या साहेबांनी फाइल चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "धरणातून पाणी सोडायचं ठरलं तर तुम्हाला कोण कळवणार आणि किती वाजता?" मला तो प्रश्न फार आवडला कारण खरा धोका तिथंच आहे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. भुसावळला आभाळ एकदम कोरं असतं, पण वर मुलताईकडे, मेळघाटात किंवा पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावतीकडे जोरात पाऊस झाला की ते सगळं पाणी इकडेच येतं, त्यामुळे आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणजे नदी शांत हा हिशोब तापीला लागू पडत नाही. म्हणून आमचा पहिला नियम असा झाला की पावसाळ्यात बोटी रॅकवरच राहणार, सीझन दिवाळीच्या आसपास सुरू होणार, आणि सीझनमध्येही रोज आदल्या संध्याकाळी मी स्वतः विसर्गाची चौकशी करणार आणि उत्तर वहीत वेळेसकट लिहिणार. वहीत नोंद नाही तर सकाळी शेडचं कुलूप उघडायचं नाही.

दुसरं मोठं काम म्हणजे नकाशा. मोबाइलवरच्या नकाशात सगळं निळंशार दिसतं, पण धरणाच्या पाण्याखाली जुनी शेतं आहेत, बांध आहेत, बाभळीची खोडं आहेत, आणि गाळ एवढा की दरवर्षी उथळ जागा बदलतात. रोइंगची बोट म्हणजे काय चीज आहे हे ज्यांनी हातात धरलीय त्यांनाच कळेल, सिंगलचं वजन नियमाने कमीत कमी १४ किलो, लांबी आठ मीटरच्या आसपास आणि भिंती एवढ्या पातळ की खोडावर गेली की सरळ फाटते. तर तिथं मासेमारी करणारे एक आबा आहेत, त्यांना आम्ही विनंती केली. त्यांच्या होडीत मी आणि सर बसलो, मी पॅडवर कागद लावून पेन्सिलने काढत गेले, आबा लांब बांबू खाली घालत आणि सांगत, "इथं गुडघ्याएवढं," "इथं जुनी विहीर होती, लांबून जायचं," "इथून पुढं आमची जाळी." जाळी ओळखायची खूण त्यांनीच दाखवली. पाण्यावर प्लास्टिकच्या बाटल्या एका रेषेत तरंगताना दिसल्या की खाली नायलॉनचं जाळं आहे, आणि त्यात वल्ह्याचं पातं अडकलं की जोरात असलेली बोट त्याच बाजूला कलंडते. जाळ्यांची जागा बदलली की आबा सरांना फोन करतात. आम्हीही ठरवून टाकलंय की आमच्यामुळे एकही जाळं तुटता कामा नये, कारण ते त्यांचं पोट आहे आणि आपण तिथं पाहुणे.

त्याच नकाशावर जायची-यायची बाजू ठरवली. सगळ्यांनी उजव्या काठाने जायचं आणि येतानाही आपल्या उजव्या काठाने यायचं. ऐकायला सोपं आहे, पण वल्हवणारा उलटा बसलेला असतो, त्याच्यासाठी बोटीची उजवी बाजू म्हणजे त्याचा डावा हात, त्यामुळे नवीन पोरं सुरुवातीला हमखास गोंधळतात. बोटीच्या उजव्या रिगरला (वल्हं टेकवायचा, बोटीबाहेर आलेला दांडा) हिरवी पट्टी आणि डाव्याला लाल पट्टी चिकटवली, आता ओरडून सांगावं लागत नाही. नकाशावर लव्हाळ्यांचा एक पट्टाही लाल केलाय, हिवाळ्यात तिथं लांबून बदकं येतात, हतनूर त्यासाठी ओळखलं जातं. त्या बाजूला बोट न्यायची नाही आणि मेगाफोन वापरायचा नाही. हा नियम सेफ्टीचा नाही पण मी मुद्दाम वहीत घातला.

मग पोहण्याची परीक्षा. आपल्याकडची गावाकडची पोरं विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेली, अंगात पाण्याची भीती नाही, त्यामुळे "ताई, आम्हाला कसली परीक्षा" असं म्हणणारे बरेच. पण टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून पन्नास मीटर पोहणं, नंतर दोन मिनिटं जागेवर तरंगणं आणि पाच मीटर पाण्याखालून जाणं, हे विहिरीतल्या सूरकांडीपेक्षा वेगळं काम आहे. भिजलेले कपडे पाय खाली ओढतात. जे पास नाही झाले त्यांना टीममधून काढलं नाही, ते शेडमध्ये रोइंग मशीनवर प्रॅक्टिस करतात आणि संध्याकाळी पोहायला जातात, पास झाले की बोटीत.

बोट उलटवायची प्रॅक्टिस आम्ही तरण तलावात केली, त्यासाठी एक सिंगल टेम्पोवरून आणावी लागली. यात मी जरा रेंगाळणार आहे कारण जीव इथंच वाचतो. रोइंगच्या बोटीत शूज बोटीलाच बसवलेले असतात, आपण पाय त्यात घालतो. बोट उलटली तर पाय आपोआप सुटले पाहिजेत, म्हणून टाच दोरीने अशी बांधलेली असते की ती सात सेंटीमीटरपेक्षा जास्त वर उचलली जात नाही, आपण गुडघे ओढले की शूज जागेवर राहतो आणि पाय बाहेर येतो. वरचे पट्टे एका दोरीने जोडलेले, एका हाताने ओढलं की दोन्ही सुटतात. ही दोरी तुटलीय किंवा कुणी लांब बांधलीय असं दिसलं की बोट त्या दिवशी बंद. तलावात प्रत्येकाला सांगितलं, उलटल्यावर घाई करू नका, दोरी ओढा, पाय सोडवा, बाजूने वर या, बोटीला हात लावा. आणि मग बोट सोडायची नाही. काठ कितीही जवळ दिसला तरी नाही. बोट हवाबंद कप्प्यांमुळे तरंगते, तिला धरून बसलेला माणूस लांबून दिसतो, आणि काठाकडे निघालेला पोहणारा लाटांमध्ये दिसत नाही, दमतो, जाळ्यात अडकतो. आमचा शिरपूरचा एक पोरगा तलावाच्या काठावरून प्रत्येक वेळी अहिराणीत ओरडायचा, "नावले सोडू नको!" आता बॅकवॉटरलाही तेच ओरडतात सगळे.

माझ्यासाठी वेगळी प्रॅक्टिस होती. आमच्या कॉक्स फोरमध्ये (चार वल्हवणारे आणि एक कॉक्स) कॉक्स पुढच्या टोकाला, जवळजवळ झोपून, अरुंद पोकळीत असते, बाहेर फक्त डोकं आणि खांदे. ती जागा किमान ७० सेंटीमीटर लांब असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि तिथं आपोआप फुगणारं लाइफ जॅकेट चालत नाही. कारण बोट उलटली आणि जॅकेट आतच फुगलं तर ते तुम्हाला पोकळीच्या छतावर दाबून धरतं, बाहेर निघताच येत नाही. म्हणून हाताने दोरी ओढून फुगवायचं जॅकेट, तेही बाहेर आल्यावर. दोन्ही तळवे कडेवर, स्वतःला मागे ढकलायचं, पाय शेवटी. हे डोळे मिटून करता येईपर्यंत सरांनी मला बॅकवॉटरला पाठवलं नाही आणि ते बरोबरच होतं.

लाइफ जॅकेटवरून मात्र मोठी चर्चा झाली. रेसमध्ये वल्हवणारे जॅकेट घालत नाहीत, हात मागे-पुढे जाताना अडतं, म्हणून जगभर बहुतेक ठिकाणी ती मोटरबोटीत ठेवतात. साहेबांचं म्हणणं, धरणाच्या पाण्यात प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट. आमच्या काही सिनियर दादांना पटलं नाही, मला पटलं. आमच्याकडे मोटरबोट एकच आहे, ती एका बोटीपाशी असेल तेव्हा दुसरी लांब असणार. शेवटी बाजूने मोकळी असलेली पातळ जॅकेट्स घेतली, स्ट्रोक थोडा आखूड होतो, होऊ दे.

मोटरबोटीचे नियम थोडे पण कडक. चालवणाऱ्याच्या गुडघ्याला किल कॉर्ड बांधलेली हवी, तो पाण्यात पडला तर इंजिन लगेच बंद झालं पाहिजे, नाहीतर पंखा फिरत असलेली रिकामी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. आत दोरीची थ्रो बॅग, फर्स्ट एड, चादरी, शिट्टी आणि वॉटरप्रूफ पिशवीत चार्ज असलेला फोन. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंद. आधी वल्हं पुढे करायचं, नाही पोचलं तर दोरी फेकायची, उडी मारणं सगळ्यात शेवटी. फोनच्या मागे चिकटवलेले नंबर: १०८, ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. एसडीआरएफची, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची, तुकडी धुळ्याला आहे, पण ती येईपर्यंतचा वेळ आपल्यालाच काढायचा असतो.

म्हणून प्रथमोपचाराचं ट्रेनिंग सगळ्यांना सक्तीचं केलं. बुडालेल्याला पालथा घालून पोट दाबायचं, उलटा धरून फिरवायचं, हे गावोगावी अजून चालतं आणि त्यात हातातली मिनिटं जातात. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत न थांबता. बुडण्यात प्राणवायू कमी पडलेला असतो, त्यामुळे इथं नुसते दाब पुरत नाहीत. हे गावातल्या मच्छीमारांनाही दाखवलं, आबांनी स्वतः बाहुलीवर करून पाहिलं.

आता ज्या नियमासाठी मी सगळ्यात जास्त भांडले तो. प्रॅक्टिस रद्द करायचा अधिकार कुणाला? पहिल्या मसुद्यात होतं, सर, कॅप्टन आणि कॉक्स यांनी मिळून ठरवायचं. मी म्हटलं असं नको. स्पर्धा जवळ आली की तिघांतल्या एकाला तरी वाटतंच की चला, अर्धा तास मारून येऊ. तर नियम असा झाला की त्या दिवशीचा सेफ्टी इन्चार्ज एक माणूस, त्याचं नाव आदल्या दिवशी फळ्यावर, आणि तो 'नाही' म्हणाला की विषय संपला, कारण विचारायचं नाही, सरांनीसुद्धा नाही. शिवाय बोटीतल्या कुणालाही, अगदी कालच आलेल्या फर्स्ट इयरच्या पोरीलाही, थांबा म्हणायचा हक्क आहे आणि ती थांबा म्हणाली की आठही हात थांबले पाहिजेत. सरांनी हे मान्य केलं याचं मला खरंच कौतुक वाटतं, सगळे शिक्षक करणार नाहीत.

'नाही' कधी म्हणायचं तेही लिहिलंय. डिसेंबरच्या धुक्यात समोरचा काठ दिसत नसेल तर नाही. पाण्यावर पांढरे फेसाचे शेंडे दिसले तर नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मोजायचं, आवाजाला एक किलोमीटरला तीन सेकंद लागतात, तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच काठाला लागायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं. मे-जूनमध्ये रावेर-यावलकडे केळीच्या बागा झोपवणारं वादळ येतं ना, ते याच पट्ट्यातून जातं आणि पाच मिनिटांत येतं, म्हणून मार्च संपला की बोटी बाहेर काढायच्याच नाहीत. तसंही एप्रिलपासून ऊन असं की भुसावळला पारा ४४-४५ ला जातो, पाण्यावर सावली नाही, खालूनही ऊन परततं. मार्चमध्येच साडेआठच्या आत सगळे काठावर आणि प्रत्येकाची पाण्याची बाटली बोटीत, मीठ-साखर घातलेली.

ट्रायलच्या दिवशी साहेब स्वतः आले. बोट उचलायच्या आधी आमची रोजची तपासणी होते ती त्यांनी उभं राहून बघितली: टोकाचा पांढरा रबरी चेंडू घट्ट आहे ना (तो चार सेंटीमीटरचा चेंडू नसेल तर ते टोक दुसऱ्याच्या पाठीत भाल्यासारखं घुसतं), कप्प्यांची झाकणं बंद, रिगरचे नट, वल्ह्याचे गेट (वल्हं निसटू नये म्हणून लावायची कडी), टाचेच्या दोऱ्या. मग त्यांनी न सांगता एकदम म्हटलं, "समजा आता दुसऱ्या नंबरचा पाण्यात पडला." मी "होल्ड वॉटर" दिलं, चारही पाती पाण्यात आडवी, बोट जागेवर, शिट्टी, मोटरबोट वळली, दोरी गेली. साहेब काही बोलले नाहीत, फक्त वही मागितली आणि विसर्गाच्या नोंदीचं पान बघितलं.

परवानगी एका सीझनपुरती मिळाली, दरवर्षी नवीन घ्यायची, ट्रायलसकट. तीन अटी वाढवल्या: अंधारात बोट नाही, धरणाच्या भिंतीकडे ठरवलेल्या खुणेच्या पुढे नाही, आणि नोंदवही कधीही तपासायला हजर. सध्या बोटी शेडमध्ये आहेत, रिगर काढून, नटांना ग्रीस लावून. पाऊस संपला की आबांच्या होडीतून नकाशा पुन्हा काढायचाय कारण गाळ सरकला असणार, आणि फर्स्ट इयरची पोहण्याची परीक्षा त्याच्या आधी उरकायचीय. कुणाला आमच्या वहीची कॉपी हवी असेल तर देईन, फक्त नकाशाचं पान सोडून, तो तुमच्या पाण्यात तुमच्या मच्छीमारासोबत बसूनच काढा.