बाबांची चप्पल अन् बी-१२

बाबा माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मागच्या उन्हाळ्यात वावरातून आले तं एका पायात चप्पलच नाही, कुठं निसटली ते समजलंच नाही, तळवे इतके बधिर. आम्हाला वाटलं वय झालं. तपासलं तं बी-१२ हे जीवनसत्त्व खूपच कमी अन् होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) २८, जे साधारण १५ च्या आत पाहिजे.

हे होमोसिस्टीन निपटवायला शरीराला बी-१२, फोलेट अन् बी-६ ही जीवनसत्त्वं लागतात, ती कमी पडली की होमोसिस्टीन रक्तात साचते, अन् ज्यांचं वाढलेलं असते त्यांच्यात हार्ट अटॅक, लकवा जास्त दिसतो. पण २००६ च्या होप-२ अन् नॉरविट या मोठ्या अभ्यासांत या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरलं तरी हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत, म्हणून बीपीची गोळी सोडून याच्या भरवशावर बिलकुल राहू नका.

पालकात, तुरीच्या वरणात फोलेट आहे, बी-१२ नाही. शाकाहारात ते दूध-दह्यातूनच, अन् आमचं दूध तं सगळं डेअरीला जाते, घरी चहापुरतं उरते! बाबांना आता इंजेक्शनं सुरू आहेत अन् माय रोज त्यांच्यासाठी दह्याची वाटी आधी बाजूला काढते.