दोन खाचरे, एकच माती

विक्रोळीच्या आमच्या अन्नतपासणी प्रयोगशाळेत कल्याणच्या पुढच्या एका गावातले शेतकरीदादा लोकलने आले, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत भाताच्या दोन पुरचुंड्या आणि मातीच्या दोन पिशव्या होत्या. कारखान्यांचे पाणी वाहणारा नाला दर पावसाळ्यात त्यांच्या शेतात पसरतो, म्हणून त्यांना घरचा तांदूळ तपासून हवा होता. एक खाचर वरच्या अंगाला, दुसरे सखल, बियाणे एकच.

मातीचे निकाल आधी आले. दोन्हींतले एकूण कॅडमियम, म्हणजे मूत्रपिंडाला घातक असा विषारी जड धातू, जवळपास सारखे होते, डीटीपीए द्रावणात उतरणारे, म्हणजे मुळांना मिळेल असे मानले जाणारे, प्रमाणही सारखेच, आणि सामू (पीएच) ५.४, म्हणजे माती आम्लधर्मी. तांदळात मात्र सखल खाचराचा आकडा किलोमागे ०.११ मिलिग्रॅम, तर वरच्या खाचराचा ०.४७. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा ०.४ आहे. नमुन्यांची अदलाबदल झाली असावी, असेच मला आधी वाटले. राखून ठेवलेले भात पुन्हा सोलले, दाणे अगेटच्या खलात दळले, नायट्रिक आम्लात विरघळवले आणि कॅडमियमचा आकडा आधीच ठाऊक असलेल्या प्रमाणित तांदूळपिठासोबत यंत्रावर लावले. पिठाचा आकडा बरोबर आला. दादांचे आकडेही हलले नाहीत.

मग मी त्यांना फोन करून पाण्याची चौकशी केली. “वरच्या खाचरात पाणी ठरतच नाही, मॅडम. भात पोटरीत होतं तेव्हाच पाऊस गेला, जमिनीला भेगा पडल्या. खालच्यात कापणी जवळ येईस्तोवर पाय रुतत होता.”

उत्तर तिथेच होते. पाणी साचलेल्या चिखलात हवा पोहोचत नाही, गंधकाचे सल्फाइड होते आणि कॅडमियम त्यात अडकून राहते. खाचर सुकले की ते मोकळे होते, आणि आम्लधर्मी मातीत तर अधिकच. नेमका दाणा भरण्याच्या दिवसांत हे घडले, तर भाताची मुळे ते सहज उचलतात. आमच्या मातीच्या निकालात फरक दिसला नाही, कारण आम्ही दोन्ही नमुने वाळवूनच तपासले होते. जो फरक शोधायचा, तो आमच्याच ट्रेमध्ये पुसला गेला होता. ही गोष्ट मला आजही बोचते.

पाणी धरून ठेवा, एवढेच सांगणेही बरोबर नव्हते, कारण साचलेल्या पाण्यात आर्सेनिक सुटे होते. कोडेक्सची ०.२ ची मर्यादा फक्त असेंद्रिय आर्सेनिकसाठी आहे; सखल खाचराच्या तांदळात एकूण आर्सेनिकच तिच्या बरेच खाली निघाले, तेव्हा कुठे मी पोटरीपासून दाणा भरेपर्यंत पाणी टिकवण्याचा आणि माती तपासून चुना देण्याचा सल्ला लिहिला.

अहवाल न्यायला आलेल्या दादांसमोर मी हिशेब मांडला. साठ किलो वजनाच्या माणसाला महिन्याला १५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाला ५०, एवढेच कॅडमियम सोसण्याजोगे मानतात. वरच्या खाचराचा तांदूळ रोज ३०० ग्रॅम खाल्ला, तर १४१ पोटात जाते, आणि मूत्रपिंडात साठलेले वर्षानुवर्षे उतरत नाही. दोन्ही वेळा भात खाणाऱ्या घराला ०.४ ही मर्यादाही पुरेशी राखत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मोबाइल काढला. वरच्या खाचराचे दोन कट्टे दिवाळीत लेकीकडे बदलापूरला गेले होते. “बाय, तो तांदूळ शिजवू नको,” ते तिला म्हणाले, “मी दुसरा घेऊन येतो.”