आमची वाटचाल : पंपाच्या पॅनलपासून स्पोर्ट्स कारच्या सायलेंसरपर्यंत

तळेगाव (श्यामजीपंत) इथे अमरावती-नागपूर हायवेला आर्वीचा आणि आष्टीचा रस्ता फुटतो. फाट्यापासून थोडं आत आमचं दुकान आहे. वडिलांनी ते टाकलं तेव्हा ट्रकचे डायनामो, सेल्फ आणि बॅटऱ्या एवढंच काम होतं. सत्याग्रही घाटात ज्यांच्या गाड्या बंद पडत ते ड्रायव्हर आमच्याकडे येत आणि वायंडिंग होईपर्यंत बाहेरच्या बाजेवर झोपत.

पण आमचं घर खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते विहिरीवरच्या मोटरींच्या पॅनलवर. हा पट्टा संत्र्याचा आणि कपाशीचा. शेतीची थ्री फेज वीज रात्री-अपरात्री यायची. दोन वाजता अंधारात, साप-विंचवातून विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबणं ही शेतकऱ्याच्या जिवाशी गाठ होती, म्हणून लोक ऑटो स्विच बसवायचे. मात्र वीज आल्या आल्या गावातल्या साऱ्या मोटरी एकदम उठल्या की डीपीवर ताण येतो. वडील म्हणून प्रत्येक पॅनलमध्ये टायमर टाकत आणि शेजारच्या दोन शेतांच्या वेळा मुद्दाम वेगळ्या ठेवत. शिवाय एक सिलेक्टर स्विच असे, एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला हाताने, मध्ये बंद. त्यांचा नियम एकच होता : वायर उंदराने खाल्ली, रिले चिकटला, स्विच मोडला, काहीही झालं तरी मोटर बंदच पडली पाहिजे. बिघाड झाल्यावर वस्तू कोणत्या अवस्थेत जाऊन थांबते, हे आधी ठरवायचं आणि मग वायर कापायला घ्यायची. आज मी लाखोंच्या गाड्यांखाली झोपून काम करतो, ते याच नियमावर.

मी दुकानात बसू लागलो तेव्हा डिझेल गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल इंजेक्शन, आलं होतं. पुढे धुराच्या प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, 2017 मध्ये देशभर बीएस-4 आणि 1 एप्रिल 2020 पासून थेट बीएस-6 लागू झालं. टेस्ट लॅम्प लावून वायर शोधण्याचे दिवस संपले. ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, प्रत्येक सेन्सरवर, प्रत्येक सोलेनॉइडवर (विजेने उघडझाप होणाऱ्या व्हॉल्व्हवर) लक्ष ठेवतो. जोडणी तुटली की बिघाडाचा कोड टाकतो, चेक इंजिनचा दिवा लावतो. आम्ही स्कॅनर घेतला, वायरिंग डायग्राम वाचायला शिकलो. धाकट्या भावाने आयटीआयमधून ऑटो इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला. मोठ्या शहरातल्या गॅरेजना जे सहज मिळतं ते आम्हाला नागपूरहून एसटीच्या पार्सलने मागवावं लागे, आणि म्हणूनच कदाचित हाती आलेला प्रत्येक पार्ट आम्ही उघडून पाहिला.

स्पोर्ट्स कारचं काम आलं ते आर्वीकडच्या एका जिनिंगवाल्या भाऊंमुळे. त्यांनी सेकंडहॅंड दोन दारांची जर्मन गाडी घेतली होती, सहा सिलिंडर, टर्बो नसलेली. गाडी सुरेख, पण घर गावात, गल्ली अरुंद. भाऊ म्हणाले, "पाह्यटी गाडी काहाडली का आख्खी गल्ली उठते. घरी माय बिमार हाय. हा आवाज बंद कराचा बटन लावून द्या न भाऊ." एरवी लोक आवाज वाढवायला येतात. हा माणूस कमी करायला आला, आणि मला ते काम मनापासून आवडलं.

आधी अशा गाडीचा आवाज कुठून येतो ते सांगतो. मागच्या सायलेंसरमध्ये धुराला दोन वाटा असतात, एक लांब आणि शांत, दुसरी सरळ आणि मोकळी. मोकळ्या वाटेवर एक झडप असते. झडपेच्या दांड्याला बाहेरून व्हॅक्यूमचा (हवा ओढून केलेल्या पोकळीचा) डबा जोडलेला असतो, आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. भाऊंच्या गाडीत, आणि अशा बऱ्याच गाड्यांत, व्हॅक्यूम मिळाला की पडदा दांडा ओढतो आणि झडप मिटते. व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग ती उघडते. व्हॅक्यूम कधी द्यायचा ते ईसीयू एका सोलेनॉइडमार्फत ठरवतो. इंजिन बंद असताना व्हॅक्यूम नसतोच, म्हणून झडप उघडी. त्यात थंड इंजिन सुरू होताना धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून आरपीएम चढलेले असतात. गल्ली उठते ती यामुळे.

यावर बाजारात सोपा उपाय फिरतो, सोलेनॉइडची वायर कापून मध्ये स्विच टाकायचा. मला तो अजिबात मान्य नाही. वायर कापली की ईसीयूला जोडणी तुटलेली दिसते आणि कोड येतो. कोड येऊ नये म्हणून कोणी त्या जागी रेझिस्टर बसवतात. सोलेनॉइडची कॉइल 30 ओहमची धरून रेझिस्टरही तेवढाच लावला तरी 14 व्होल्टवर साडेसहा वॅट उष्णता त्या रेझिस्टरमध्ये सतत तयार होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात बंपरच्या आत, सायलेंसरच्या शेजारी तो तापलेला तुकडा. अशी गाडी मी कोणाच्या घरासमोर उभी करू देणार नाही.

आम्ही कंपनीच्या एकाही वायरला हात लावत नाही. बदल करतो तो फक्त नळीत. कंपनीच्या सोलेनॉइडकडून झडपेच्या डब्याकडे जाणाऱ्या नळीत आमचा तीन तोंडांचा सोलेनॉइड बसतो. एक तोंड डब्याकडे, दुसरं कंपनीच्या सोलेनॉइडकडे, तिसरं थेट इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिन ज्यातून हवा ओढतं त्या नळीकडे. स्विच बंद असेल तर डबा कंपनीच्या ताब्यात, गाडी कारखान्यातून आली तशी चालते. स्विच चालू केला की डब्याला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळतो आणि झडप मिटते. आमची वायर तुटली, फ्यूज उडाला, तर सोलेनॉइड आपोआप कंपनीच्या बाजूला पडतो.

या जोडणीतला सगळ्यात चांगला भाग मात्र आम्ही जे लावत नाही त्यात आहे. मॅनिफोल्डच्या नळीला वन-वे व्हॉल्व्ह नाही आणि व्हॅक्यूम साठवायची टाकी नाही. आयडलिंगला गेजवर 18 ते 20 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दिसतो, सावकाश चालवतानाही पुरेसा राहतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो, स्प्रिंग जिंकते आणि झडप स्वतःहून उघडते. म्हणजे कोणी स्विच चालू ठेवून विसरला आणि समृद्धीवर ओव्हरटेकला गाडी दाबली, तरी धुराची वाट तुंबत नाही, उलटा दाब वाढत नाही. टाकी नसल्यामुळे एक गोष्ट राहते : चावी फिरवल्यावर व्हॅक्यूम तयार होईपर्यंत पहिला क्षणभर आवाज येतोच. भाऊंना हे आधीच सांगितलं. ते म्हणाले, "क्षणभराचं चालते."

टर्बो गाड्यांत हा व्हॅक्यूम बहुधा वेगळ्या पंपावरून घेतलेला असतो. तिथे पाय दाबला तरी तो पडत नाही, म्हणून ही रचना जशीच्या तशी लागू होत नाही. काही नव्या गाड्यांत झडपेवर इलेक्ट्रिक मोटर असते, ईसीयू तिला सिग्नल देतो आणि झडप कुठे आहे ते परत विचारतो. त्या गाडीचा पूर्ण डायग्राम हातात असल्याशिवाय आम्ही ते काम घेत नाही.

कामाचा मोठा वेळ स्विचवर जात नाही, तपासणीवर जातो. आधी हाताच्या व्हॅक्यूम पंपाने डबा ओढून पाहायचा, दांडा पूर्ण फिरतो का, पंपाच्या गेजची सुई खाली सरकते का. सरकली तर पडदा फाटलेला आहे. झडपेच्या दांड्यावर कार्बन आणि आमच्या रस्त्यांची माती बसून तो जाम झालेला असतो, तो मोकळा केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. ब्रेक बूस्टरच्या नळीतून व्हॅक्यूम कधीच घ्यायचा नाही, ती ब्रेकची आहे. नळी सिलिकॉनची, उष्णतेच्या पत्र्यापासून लांब बांधलेली. वायर फ्लेक्सिबल पाइपातून, कारण कापसाच्या आणि सोयाबीनच्या हंगामात गोदामाशेजारी उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि त्यांना गाडीची किंमत कळत नाही. वीज इग्निशनच्या फ्यूजवरून, स्वतःचा छोटा फ्यूज लावून. या गाड्या इतक्या खाली असतात की आमचा ट्रकचा जॅक आत जाईना. सुताराकडून सागाच्या जाड फळ्यांचा उतार करून घेतला, गाडी आधी त्यावर चढते, मग जॅक.

आमच्या स्विचला दोनच जागा आहेत : 'कंपनी' आणि 'शांत'. 'मोकळा' ही जागा आम्ही देत नाही. बुलेटवाली पोट्टी येतात, म्हणतात, "काका, उलटं करून द्या न." त्यांना बसवून कायदा सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) मध्ये आवाजाचे नियम मोडल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र. कलम 182-अ मध्ये परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कायद्याच्या पलीकडेही बघायचं तर आमच्या फाट्यावर दवाखाना आहे, शाळा आहे. दवाखाना आणि शाळेभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे रात्रीची मर्यादा 40 डेसिबल. जो पैसा या मर्यादा तोडायला मिळतो तो आमच्या गल्ल्यात नको. सायलेंसर कापून आणलेल्या गाड्या आम्ही मूळ स्थितीत आणून देतो, आणि ते काम कमी पैशांत करतो.

भाऊंच्या गाडीनंतर अमरावती आणि नागपूरकडून अशा गाड्या अधूनमधून येतात. त्यातून दुकानाचं पोट भरत नाही. ते आजही ट्रॅक्टर, ट्रक आणि संत्र्याच्या बागेतल्या पॅनलवर चालतं. पण या कामासाठी घेतलेला व्हॅक्यूम गेज आज ट्रॅक्टरवाल्याच्या बोलेरोलाही लागतो, आणि दुकानातली दोन पोरं डायग्राम स्वतः वाचू लागली आहेत.

स्पोर्ट्स कार आणायची असेल तर आधी फोन करा. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून या. गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, कारण तापलेल्या सायलेंसरखाली आम्ही हात घालत नाही, आणि थंड इंजिनाचा पहिला आवाज सकाळी आम्हाला स्वतःला ऐकायचा असतो.